फुकट सुया, नशा आणि संसर्ग: नागपुरात अभ्यास करायचा तर काय मोजावं

नागपुरात समाजकार्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमधला संसर्ग आणि त्याचा प्रतिबंध हा विषय तिने प्रबंधासाठी घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, पोलिसांकडून आकडेवारी आणा. घरचे म्हणतात, सरकारच फुकट सुया वाटत असेल तर ते नशेला खतपाणी आहे, त्यावर अभ्यास कसला करतेस? आणि तिला स्वतःला दोन शंका आहेत: हे लोक खरं सांगतील का, आणि त्यांच्यात फिरताना मला धोका किती?

घरच्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो नुसता घरच्यांचा नाही. नगरसेवक, वस्तीतले ज्येष्ठ, कधीकधी डॉक्टरसुद्धा हेच विचारतात, आणि मनापासून विचारतात. त्यांना झिडकारून चालत नाही.

एचआयव्हीचा किंवा हिपॅटायटिस-सीचा विषाणू ब्राउन शुगरमध्ये नसतो. तो रक्तात असतो, आणि एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जायला त्याला वाट लागते. ती वाट म्हणजे वापरलेली सुई. नशा करणाऱ्याला ‘नशा सोड’ असं आपण रोज सांगावं, मीही सांगतो. पण तो आज सोडणार नसेल, तर आज संध्याकाळी त्याच्या हातात कोणती सुई असेल हा प्रश्न उरतोच. सुई मिळाली नाही म्हणून तलफ थांबत नाही. अंग मोडून आलेलं असतं, नाक गळत असतं, पोटात मुरडा येत असतो. अशा वेळी शेजारच्याची सुई घेतली जाते, आणि दोघंही त्याला ‘वाटून घेणं’ म्हणत नाहीत.

सुया बंद केल्या की काय होतं, हे स्कॉटलंडमधल्या एडिंबराने आधीच दाखवलंय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हेरॉइन स्वस्त झालं, आणि त्याच सुमारास पोलिसांच्या दबावामुळे सिरिंज मिळणं कठीण झालं. डॉ. रॉय रॉबर्टसन हे तिथल्या एका गरीब वस्तीतल्या दवाखान्यात काम करत. त्यांनी आपल्या हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांचे रक्तनमुने तपासून घेतले. १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापून आला: ५१ टक्के एचआयव्हीबाधित. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत नशा कमी नव्हती, पण तिथलं प्रमाण याच्या जवळपासही नव्हतं. आपल्याकडे मणिपूरने हेच भोगलं. १९८९ पर्यंत तिथल्या सुई घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही सापडत नव्हता, आणि त्यानंतर काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास बाधित निघाले. लैंगिक मार्गाने ही साथ एवढ्या वेगाने पसरत नाही. सुईने पसरते.

आता खतपाण्याचा मुद्दा. सुया वाटल्याने नशा वाढते का, हे अनेक देशांत तपासून झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. नवे लोक सुईकडे वळतात किंवा जुने जास्त वेळा टोचतात, असा भरवशाचा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट सुई न्यायला आलेला माणूस कधीतरी जखम दाखवतो, तपासणी करतो, औषधोपचाराचं विचारतो. सुया वाटण्याच्या आमच्या कामात ज्यांनी नशा सोडली, त्यातले बरेच जण आधी फक्त सुईसाठी येत होते.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत कोणी ना कोणी हे विचारणारच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेलं काम गुन्हा ठरत नाही. सुया देणं आणि नशेच्या जागी औषध देणं, दोन्ही यात येतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला शिक्षा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-ए उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. ही दोन कलमं पाठ ठेवा. पोलीस ठाण्यात समजावून सांगायची वेळ आली तर उपयोगी पडतात.

पण ‘सुया देणं योग्य की अयोग्य’ यावर प्रबंध लिहू नका. त्याचं उत्तर मिळून वीस वर्षं झाली. नागपुरात आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे: टोचण्याच्या दर वेळेला नवी सुई मिळते का?

हिशोब साधा आहे. दिवसातून दोनदा टोचणाऱ्याच्या वर्षाला ७३० वेळा होतात. जागतिक पातळीवर माणशी वर्षाला निदान २०० सुया हे उद्दिष्ट बरीच वर्षं धरलं गेलं, २०३० साठी ते ३०० आहे. समजा एखाद्या प्रकल्पाने खरोखर २०० दिल्या. कागदावर उद्दिष्ट पूर्ण झालं, अहवाल हिरवा झाला. पण ७३० पैकी ५३० वेळा त्या माणसाने सुई कुठून आणली? काही दुकानातून घेतल्या असतील, काही स्वतःच्याच जुन्या पुन्हा वापरल्या असतील, आणि काही दुसऱ्याच्या असतील. संसर्ग त्या उरलेल्या वेळांमध्ये होतो. प्रकल्प किती सुया ‘वाटतो’ हे सगळे मोजतात. एका माणसाच्या किती टोचण्या नव्या सुईने होतात, हे फार कमी जण मोजतात. तुमच्या प्रबंधाचा गाभा हाच असावा असं मला वाटतं.

वर नव्या सुया आणि खाली एकूण टोचण्या, अशा या अपूर्णांकाला दोन बाजूंनी हात घालता येतो. सुया वाढवल्या की वरचा आकडा वाढतो. नशेच्या जागी औषध दिलं की टोचण्याच ​कमी होतात आणि खालचा आकडा घटतो. हे दुसरं काम ओएसटी, म्हणजे ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी करते. एड्स नियंत्रण कार्यक्रमातून आपल्याकडे मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली जाते, काही ठिकाणी मेथाडोनही. ब्युप्रेनॉर्फिनची पद्धत तुम्ही एकदा स्वतः बसून पाहा. परिचारिका गोळी कुटून त्या माणसाच्या जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून घेते. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. शेवटी तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. पाच-दहा मिनिटांचं काम, पण रोजचं. त्या दिवसाची तलफ निघून जाते, हात मोकळे होतात, माणूस कामावर जाऊ शकतो.

अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये हिशोब मांडला गेला, तेव्हा ओएसटीवर असलेल्यांमध्ये एचआयव्ही होण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी दिसला. हिपॅटायटिस-सीचा असाच आढावा २०१७ मध्ये आला. नुसत्या ओएसटीने धोका निम्मा होतो, आणि सोबत भरपूर सुया मिळत असतील तर ७४ टक्क्यांनी घटतो. नुसत्या सुयांचा हिपॅटायटिस-सीवरचा परिणाम मात्र सगळीकडे सारखा दिसला नाही. हे लपवू नका, लिहा. कारणही सांगता येतं: हिपॅटायटिस-सी एचआयव्हीपेक्षा कितीतरी चिवट आहे.

तो चिवटपणा समजून घेतल्याशिवाय प्रश्नावली बनवू नका. सिरिंजमध्ये औषध भरलं, दट्ट्या पूर्ण दाबला, तरी सुईच्या बुडाशी आणि सिरिंजच्या नळीत थोडं रक्त उरतं. सुई वेगळी निघणारी दोन मिलिलिटरची सिरिंज असेल तर जास्त उरतं. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई जोडलेलीच असते, तिच्यात फारच थोडं. येल विद्यापीठातल्या प्रयोगात पहिल्या प्रकारच्या सिरिंजमध्ये हिपॅटायटिस-सीचा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला. म्हणजे भिंतीच्या फटीत खोचून ठेवलेली सुई दोन महिन्यांनी कोणी काढली तरी ती धोक्याचीच.

आणि प्रत्येकाकडे आपापली नवी सुई असली तरी काम भागत नाही. तिघे-चौघे मिळून पैसे काढतात, माल एकच येतो. तो एकाच बाटलीच्या झाकणात एकाच पाण्यात विरघळवला जातो, एकाच कापसातून गाळून ओढला जातो. त्यातल्या एकाने घाईत वापरलेली सुई पाण्यात बुडवली की ते पाणी सगळ्यांचं झालं. अशा माणसाला ‘तू सुई वाटून घेतोस का’ असं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असेल. म्हणून पाण्याचं, झाकणाचं आणि कापसाचं वेगवेगळं विचारा. भरलेल्या सिरिंजमधून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये अर्धा माल सोडतात का, तेही विचारा.

‘लोक खरं सांगतील का’ या शंकेचं उत्तर इथेच आहे. प्रश्न असा असावा की खोटं बोलायची गरजच पडू नये. ‘कधी दुसऱ्याची सुई वापरलीत का’ हा प्रश्न माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. त्याऐवजी शेवटच्या एका वेळेबद्दल विचारा: शेवटचं कधी घेतलं? कुठे होतात? सोबत कोण होतं, नाव नको, किती जण तेवढं सांगा. ती सुई कुठून आली? वापरून झाल्यावर तिचं काय केलं? एकाच घटनेचा माग काढला की माणूस आठवून सांगतो, आणि सांगता सांगता स्वतःच म्हणतो, ‘हां, ती त्याचीच होती.’ मग गेल्या सात दिवसांत किती वेळा टोचलं आणि किती नव्या सुया मिळाल्या, हे दोन आकडे घ्या. भागाकार तुम्ही करा, त्याच्याकडून करून घेऊ नका.

आणखी एक प्रश्न घाला: सुई हवी होती आणि मिळाली नाही, असं शेवटचं कधी झालं? त्यातून जे निघतं ते कुठल्याही सरकारी तक्त्यात नसतं. एकाने मला विचारलं होतं, ‘सर, तुमचं सेंटर पाच वाजता बंद होते, मले तं रात्री लागते, मग काऊन येऊ?’ त्याचं बरोबर होतं. उन्हाळ्यात तर आणखीच. मे महिन्यात दुपारी नागपुरात कोण बाहेर पडतं? पारा पंचेचाळिशीत असताना लोक पुलाखाली, कुठल्या तरी सावलीत पडून असतात आणि अंधार पडल्यावर हालचाल सुरू होते. केंद्राची वेळ दहा ते पाच ठेवायची आणि लाभार्थी येत नाहीत म्हणून तक्रार करायची, यात काही अर्थ नाही. तुम्हीही मुलाखती सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर ठेवा, आणि एकटीने नव्हे, पीअर एज्युकेटरसोबत, म्हणजे याच लोकांमधून तयार झालेल्या कार्यकर्त्यासोबत जा.

सेवा चांगली असणं वेगळं आणि ती पोचणं वेगळं, याचा भारतातला मोठा पुरावा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि चेन्नईची वायआरजी केअर ही संस्था यांनी देशातल्या २२ ठिकाणी एक चाचणी केली. त्यातली १२ सुई घेणाऱ्यांसाठी होती, १० समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी. चिठ्ठ्या टाकून निम्म्या ठिकाणी तपासणी, समुपदेशन, सुया, उपचाराशी जोडणी, सगळं एकाच छताखाली दिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: त्या शहरांतल्या एकूण लोकांमध्ये तपासणीचं प्रमाण ठळकपणे वाढलं नाही. पण जे प्रत्यक्ष केंद्रात आले होते, त्यांच्यात तपासणी स्पष्टपणे जास्त दिसली. म्हणजे केंद्रात खोट नव्हती. पुरेसे लोक तिथे पोचलेच नाहीत. हा शोधनिबंध तुमच्या मार्गदर्शकांना वाचायला द्या. नकारात्मक निष्कर्ष एवढ्या स्वच्छपणे मांडणारं काम आपल्याकडे दुर्मिळ आहे.

मार्गदर्शकांच्या सूचनेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. पोलिसांचे आकडे जरूर पाहा, पण ते पोलिसांच्या कामाचं माप आहे. मोहीम निघाली की गुन्हे वाढतात, थंडावली की कमी होतात. शिवाय नागपुरात पकडला जाणारा माल मुख्यतः गांजा आणि एमडी (मेफेड्रोन हे उत्तेजक). टोचणारे त्यात शोधून सापडणार नाहीत. नागपूर म्हणजे इंफाळ नाही, लुधियानाही नाही. इथे सुई घेणाऱ्यांची संख्या त्या मानाने कमी आहे. स्टेशनच्या आसपासची पोरं चिकटवायचं सोल्यूशन हुंगतात, कॉलेजच्या वयातली एमडी नाकाने ओढतात, आणि वेदनाशामक इंजेक्शनांची सवय लागलेले लोक घराच्या चार भिंतींत असतात. या शेवटच्यांबद्दल विदर्भात जपून लिहा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला वेदनेचा झटका आला की कडक वेदनाशामक लागतंच, आणि ते त्याचं हक्काचं औषध आहे. त्याच्या हातावरच्या खुणा पाहून त्याला ‘व्यसनी’च्या रकान्यात घालणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

संख्या कमी आहे म्हणून विषय छोटा ठरत नाही. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सुई घेणाऱ्यांमध्ये ते ९ टक्के होतं. एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत देशभरात सुई घेणारे साडेआठ लाख असल्याचा अंदाज आहे. एखाद्या शहरात प्रमाण कमी असणं म्हणजे अजून वेळ आहे, एवढंच. अथेन्समध्ये सुई घेणाऱ्यांतले नवे एचआयव्ही रुग्ण वर्षानुवर्षं पंधरा-वीसच्या आत असायचे, २०११ मध्ये ते एकदम दोनशेच्या वर गेले. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं चार-साडेचार हजार वस्तीचं गाव आहे. २०१५ मध्ये त्या परिसरात वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचणाऱ्यांमध्ये दीडशेहून जास्त लोक काही महिन्यांत बाधित निघाले. तिथे आधी सुयांचा कार्यक्रमच नव्हता. एमडीच्या जातीची उत्तेजकं टोचायला लागल्यावर बुखारेस्ट आणि डब्लिनमध्येही एचआयव्हीचे उद्रेक झाले. या मालाचा अंमल लवकर उतरतो, म्हणून माणूस एका बैठकीत पुन्हापुन्हा टोचतो. वरच्या अपूर्णांकाचा खालचा आकडा एका रात्रीत किती फुगतो, ते तुम्हीच मांडून पाहा. नागपुरात एमडी आज मुख्यतः नाकाने जाते. ती सुईकडे वळते आहे का, हे सगळ्यात आधी कोणाला कळेल? पोलिसांना नाही. रस्त्यावर काम करणाऱ्या पीअर एज्युकेटरला. त्याला तुमच्या अभ्यासात माहिती देणारा म्हणून घ्या, नुसता वाट दाखवणारा म्हणून नको.

माणसं शोधायची कशी? यादी नाही, पत्ते नाहीत, घरोघरी जाऊन विचारायची सोय नाही. अशा वेळी ओळखीतून ओळख काढत जाण्याची जी शास्त्रीय पद्धत आहे तिला आरडीएस म्हणतात. १९९७ मध्ये डग्लस हेकाथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने ती मांडली. वेगवेगळ्या वस्त्यांतले, वेगवेगळ्या वयांचे पाच-सहा जण निवडायचे. प्रत्येकाला मुलाखतीनंतर तीन कुपनं द्यायची, त्यांनी ती आपल्या ओळखीच्या टोचणाऱ्यांना द्यायची. कुपनावर नाव नाही, फक्त क्रमांक. प्रत्येकाला ‘तुमच्या ओळखीचे असे किती जण आहेत’ हे विचारावंच लागतं, कारण ज्याची ओळख जास्त तो नमुन्यात येण्याची शक्यता जास्त, आणि विश्लेषणात ते वजन काढून टाकायचं असतं. हा प्रश्न विसरलात तर अभ्यास साध्या ‘ओळखीपाळखीतून घेतलेल्या’ नमुन्याचा होतो.

अथेन्समध्ये याच पद्धतीने संशोधन आणि प्रतिबंध एकत्र बांधले गेले. २०१२-१३ मध्ये ‘अ‍ॅरिस्टॉटल’ नावाच्या कार्यक्रमात कुपनांच्या साखळीने सोळा महिन्यांत तीन हजारांहून जास्त लोक आणले, जागेवर तपासले, बाधितांना उपचाराशी आणि ओएसटीशी जोडलं. त्या काळात नव्या संसर्गाचा वेग ७८ टक्क्यांनी खाली आला. तिथे माहिती गोळा करणारा आणि मदत करणारा हात एकच होता, म्हणूनच लोकांनी पुढच्यांना कुपनं दिली.

तुमच्या प्रबंधात मात्र रक्ततपासणी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. समजा तुम्हाला साठ जण मिळाले आणि सहा बाधित निघाले. आरडीएसमध्ये नमुन्याची ताकद साधारण निम्मी होते, म्हणजे ते साठ तीसच्या बरोबरीचे. दहा टक्क्यांच्या त्या आकड्याची खरी व्याप्ती शून्यापासून वीस टक्क्यांपर्यंत जाते. अशा आकड्याने ज्ञान वाढत नाही, पण वर्तमानपत्रात मथळा मात्र होतो. शिवाय कायद्याने तपासणीआधी संमती आणि आधी-नंतर समुपदेशन लागतं, आणि निकाल हातात दिल्यावर त्या माणसाचं पुढचं कोण बघणार हेही ठरलेलं असावं लागतं. ते काम आयसीटीसीचं, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राचं आहे. तुम्ही तिथपर्यंत सोबत जा. कितीजण गेले, कितीजण अर्ध्यातून परतले, का परतले, हे लिहा. एक विद्यार्थिनी हे नीट करू शकते, आणि कार्यक्रमाला याचीच गरज आहे.

सोबत जाताना हिपॅटायटिस-सीबद्दल एक गोष्ट नीट सांगा, कारण ती बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. हा आजार बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधं मोफत आहेत. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. ‘आधी नशा सोड, मग औषध देऊ’ असं अजूनही काही ठिकाणी म्हणतात. त्याला आधार नाही. नुकतेच टोचत असलेल्या लोकांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९४ टक्के बरे झाले. पहिल्या झटपट चाचणीत फक्त प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेले घटक दिसतात. काहींच्या शरीराने विषाणू स्वतःच घालवलेला असतो, म्हणून दुसरी, विषाणूची चाचणी होईपर्यंत कोणाला ‘तुला कावीळ-सी आहे’ असं सांगू नका. आणि बरं झाल्यावर पुन्हा होऊ शकतो, हे त्याच दिवशी सांगा.

संमतीबद्दल. नशेच्या अंमलात असलेल्याची संमती ही संमती नव्हे, आणि तलफेने तडफडणाऱ्याचीही नव्हे, कारण तो मानधनासाठी कशालाही हो म्हणेल. ओएसटीवर असलेल्याची मुलाखत गोळी घेऊन झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने घ्या. मानधन द्या, त्यांच्या वेळेची किंमत आहेच. रोख दिले तर नशेवर जातील म्हणून संशोधनाला मंजुरी देणाऱ्या काही नैतिकता समित्या फक्त वस्तू द्यायला सांगतात. समिती सांगेल ते पाळा, पण ‘त्यांना पैसे कळत नाहीत’ असा सूर लेखनात येऊ देऊ नका.

नावं लिहू नका, आधार मागू नका, फोटो काढू नका. आणि जागांची नावं छापू नका. हे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो आहे. प्रबंधात ‘अमुक पुलाखाली’, ‘अमुक बाजाराच्या मागे’ असं आलं की आठवडाभरात तिथे धाड पडू शकते. धाड पडली की माणसं पांगतात, वस्तीत फिरणाऱ्या आउटरीच वर्करची वर्षभराची ओळख जाते, आणि खिशात सुई सापडेल या भीतीने लोक नवी सुई जवळ बाळगणंच सोडतात. मग जी हाताशी येईल ती वापरतात. नागपुरासारख्या ठिकाणी, जिथे मुळात माणसं मोजकी, तिथे वय, धंदा आणि वस्ती एवढं एकत्र लिहिलं तरी जाणणारा ओळखतो. बाईच्या बाबतीत तर अधिकच जपा. टोचणाऱ्या बाया केंद्रावर जवळजवळ येत नाहीत, आणि जी एखादी येते तिला ओळखणं सगळ्यांत सोपं असतं. ‘शहराचा पूर्व भाग’ एवढं पुरे.

उरला तुमच्या धोक्याचा प्रश्न. त्यांच्याशी बोलल्याने, जवळ बसल्याने, एकत्र चहा प्यायल्याने यातलं काही होत नाही. टीबीचं तेवढं लक्षात ठेवा, खोकला असेल तर मुलाखत उघड्यावर घ्या आणि त्याला तपासणीला न्या. पडलेली सुई हाताने उचलू नका, टोपण परत लावायला जाऊ नका. ती चिमट्याने उचलून न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची असते, आणि ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. हे डबे भरून योग्य ठिकाणी गेले नाहीत तर त्याच सुया कचऱ्यातून भांडेवाडीच्या कचरा डेपोत पोचतात आणि तिथे कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातात घुसतात. प्रबंधात सुई परत येण्याचं प्रमाण मोजणार असाल तर त्यांच्यासाठीही मोजा. पण ‘जुनी द्याल तरच नवी मिळेल’ असा नियम सुचवू नका, त्याने सुया कमी जातात आणि पुन्हा वापरल्या जातात.

एवढं करूनही सुई टोचलीच, तर घाबरून रक्त पिळून काढत बसू नका, तोंडात बोट घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई टोचली तरी संसर्गाचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो, रस्त्यावर पडलेल्या सुईचा त्याहून कमी. तरीही तडक मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि ‘पीईपी हवी’, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग टाळणारं औषध हवं, असं सांगा. औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा, मधे सोडायचा नाही. हिपॅटायटिस-बीचा धोका मात्र लस न घेतलेल्याला यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, आणि तो टाळणं सगळ्यात सोपं आहे. लसीचे तीन डोस असतात, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तुमचं क्षेत्रकार्य दिवाळीनंतर असेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या, आणि सोबत येणाऱ्या पीअर एज्युकेटरलाही घेऊन जा. त्याला बहुधा कोणी विचारलेलंच नसतं.